पंचनाम्याआधी पोतारलेली भिंत

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी तहसीलमधून एक कागद यायचा. गावात पोहता येणाऱ्या माणसांची यादी पाठवा, पूर आल्यास उपयोगी पडतील. मी त्या गावची तलाठी होते, आणि गावाला पाणी म्हणून होता तो एक नाला, वर्षातले दहा महिने कोरडा. जनावरं त्यातून चालत रानात जायची. पोहायला शिकणार कुठं, डोंबलात? तरी यादी जायची. माझ्या आधीच्या तलाठ्यानं लिहिलेली नावं मी पहिल्या वर्षी जशीच्या तशी उतरवायला घेतली, तेव्हा कोतवालानं एका नावावर बोट ठेवलं. कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा गावातलाच माणूस. निरोप पोचवायचा, दवंडी द्यायची, आणि साहेब आले की खुर्ची पुसायची.

"मॅडम, हा तं गेला," तो म्हणाला.

"कुठं गेला?"

"वर गेला. दोन वर्सं झाले."

"मग दुसरं नाव सांगा."

"माहं टाका."

"तुम्हाला पोहता येतं?"

"येत नाही. पण पूर तरी कुठी येते?"

मी त्याचं नाव टाकलं. हसू येतं ना? मलाही यायचं, पहिली दोन-तीन वर्षं. ही यादी गावच्या ज्या आपत्ती आराखड्यात जायची, त्यातच लिहिलेलं असायचं की पूर आल्यास लोकांना शाळेत हलवावं. शाळेचे पत्रे पावसाळ्यात असे गळायचे की मास्तर पोरांनाच घरी हलवत. एक जीप उपलब्ध आहे, असंही लिहिलेलं असायचं. त्या जीपच्या मालकानं ती कधीच चिखलीला विकली होती. पण कागद वेळेवर गेला पाहिजे, आणि माझा कागद नेहमी वेळेवर जायचा. त्या एका गोष्टीचा मला फार अभिमान होता.

मग एका वर्षी पूर आला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे वरच्या डोंगरावर ढग फुटला. कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडायला लागली होती ती वर्षं. आदल्या हंगामात अळीनं नेलं, यंदा तरी बरं येईल म्हणून लोकांनी पुन्हा तीच बीटीची पाकिटं लावली होती, आणि झाडं खरंच कमरेएवढी झाली होती. तासाभरात नाल्यानं काठ सोडले. मी चिखलीला घरी होते, रस्ता बंद. दुपारी अडीचला माझ्या मोबाईलवर संदेश आला: आपल्या भागात अतिवृष्टीची शक्यता, नदी-नाल्याकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. तेव्हा पाणी ओसरून गेलं होतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी फाट्यापर्यंत काळीपिवळी जीपनं आणि पुढं चिखलातून चालत मी गावात पोचले. माणूस एकही गेलं नव्हतं, ती देवाची कृपा. आमच्या आराखड्याची नव्हे. बाया पहाटे उठलेल्या होत्या, त्यांनी आरडाओरडा करून सगळ्यांना वरच्या आळीत नेलं होतं. वरून सांगणं होतं, आधी पूल, रस्ता आणि मेलेली जनावरं यांचे फोटो पाठवा. ते पाठवता पाठवता फोनची बॅटरी संपली. लाईट तर आदल्या दिवसापासून नव्हती.

नाल्याला लागून ज्यांचं पहिलं घर होतं, त्यांना मी मावशी म्हणायचे. साठीच्या आसपासच्या, बारीक, तोंडानं फटकळ. मी त्या गावात नवीन होते तेव्हा दुपारच्या उन्हात मला हाक मारून पाणी देणाऱ्या पहिल्या त्याच. त्यांचे यजमान, काका, कानानं कमी. दोघंच राहायचे. दोन एकर कपाशी, मातीच्या भिंतींचं दोन खोल्यांचं घर, बस. मी आत गेले तर भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ चारी बाजूंनी गेलेली, कोणी दोरी धरून ओढावी तशी. काकांनी मला मागच्या भिंतीपाशी नेलं, खाली वाकले आणि भिंतीच्या पायात बोट घातलं. बोट पार आत गेलं.

"लोणी झालं हे," ते म्हणाले. "परतीच्या पावसात हे भिंत ऱ्हात नाही."

मावशींनी मला स्पष्टच विचारलं, "बाई, सरकार काही देईन का? दसऱ्याच्या आत मदत भेटली तं मागून इटाची भिंत घालतो. नाही तं कुठी निजाव आमी?"

मी म्हटलं, मिळेल. का नाही मिळणार? घरात पाणी शिरलं, भिंत कमकुवत झाली, नियमात अगदी बसत होतं. फक्त पंचनाम्याचा नमुना अजून आला नव्हता. प्रत्येक आपत्तीला सरकारचा नवा नमुना असतो. जुन्या नमुन्यावर लिहिलं तर परत येतं.

मी निघाले तशा मावशी दारापर्यंत आल्या. जरा अवघडून म्हणाल्या, "बाई, महालक्ष्म्या पाच दिवसांवर आल्या. हे असं घर. आता सारवून-पोतारून घेऊ का? का तुमचं लिहिणं होऊ द्यायचं?"

इथं माझं चुकलं. आज इतक्या वर्षांनी सांगते, इथंच चुकलं, दुसरीकडं कुठं नाही. आमच्याही घरी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात. सासूबाई आठ दिवस आधीपासून माझ्यामागं लागतात, माळा झाडला का, डबे घासले का. ज्या घरात ज्येष्ठा-कनिष्ठा यायच्या त्या घरात चिखलाची रेघ भिंतीवर ठेवून कोणती बाई बसेल? मी तलाठी म्हणून उत्तर द्यायला हवं होतं, ते बाई म्हणून दिलं. म्हटलं, "सारवा हो मावशी. मी डोळ्यांनी पाहिलंय ना? मीच लिहिणार आहे."

"पक्कं नं?"

"पक्कं."

नमुना चौथ्या दिवशी रात्री आला. सोबत एक नवं ॲप. फोटो फक्त त्या ॲपमधून काढायचे, त्यात जागा आणि वेळ आपोआप उमटणार, आणि घराच्या बाबतीत भिंतीवरची पाण्याची खूण फोटोत स्पष्ट दिसली पाहिजे. मुदत, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा. दुसरा दिवस म्हणजे महालक्ष्म्यांच्या जेवणाचा. मी सासूबाईंना सांगितलं, उद्या मला गावाला जावं लागतंय. त्या पुरण वाटायचं थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या सरकारच्या घरी बाया नाहीत का गं?" सकाळी सहाच्या एसटीनं निघाले.

नाल्याकाठच्या बाकीच्या घरांचं काम भराभर झालं. कोणी सारवलं होतं, पण बाहेर विटेच्या जोत्यावर रेघ शिल्लक होती. मावशींच्या शेजारी चाची राहायच्या, बांगड्या विकायच्या, अमडापूरच्या बाजारात बसायच्या. त्यांच्या घरात ओटा तेवढा धुतलेला, भिंतीला हात लावलेला नव्हता. रेघ ठसठशीत. टिचकी मारली, ॲपनं हिरवी खूण दिली, झालं.

आणि मग मावशींचं घर.

दारात रांगोळीची पावलं. ओटा सारवलेला, अजून थोडा ओला. भिंती आतून-बाहेरून पांढऱ्या मातीनं अशा पोतारलेल्या की डोळे दिपावेत. मागच्या भिंतीला टेकून, त्याच लोणी झालेल्या भिंतीला, दोघी महालक्ष्म्या बसलेल्या. मावशींच्या लुगड्यांतलं त्यातल्या त्यात बरं लुगडं एकीला, दुसरीला चाचीनं दिलेली हिरवी ओढणी. पितळी मुखवटे घासून लख्ख. वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगलेला. सहा दिवसांपूर्वी इथं छातीएवढं पाणी होतं, असं कोणी शपथेवर सांगितलं तरी पटलं नसतं.

"या बाई," मावशी हसून म्हणाल्या. "पाहा, कसं काढलं घर! दोन रात्री झोपलो नाही आमी."

मी फोटो काढला. ॲपनं घेतला. दहा मिनिटांनी परत पाठवला. वर लाल अक्षरांत: खूण दिसत नाही.

तेवढ्यात मंडळ अधिकारी आले, म्हणजे माझे वरचे साहेब. माणूस वाईट नव्हता. चार दिवस झोपलेला नव्हता, डोळे लाल, दाढी वाढलेली, अशी बारा गावं त्याच्या डोक्यावर. त्यांनी आत डोकावून पाहिलं, बाहेर येऊन मला बाजूला घेतलं.

"ताई, हे पूरग्रस्त?"

"साहेब, मी स्वतः पाहिलंय. छातीएवढी रेघ होती. मीच सांगितलं सारवा म्हणून."

"तुम्ही पाहिलं ते ॲपनं नाही ना पाहिलं."

चाची त्यांच्या ओट्यावरून ओरडल्या, "साब, इसके घर में तो मेरे से ज्यादा पानी था! मेरा लिखा तो इसका क्यूँ नहीं? मैं अंगूठा देती!" साहेब म्हणाले, "अंगठ्याचा रकाना नाही त्यात." त्यात साहेबांचाही दोष नव्हता. तसा रकाना खरंच नव्हता.

मग साहेबांनीच वाट काढली. घड्याळ पाहिलं, आवाज खाली केला. "नाल्यातून बादलीभर चिखल आणा. भिंतीला एक पट्टा ओढा. खोटं कुठं आहे, होतंच ना तिथं? पाच मिनिटांचं काम." मी बादली मागायलासुद्धा थांबले नाही. ओट्यावर होती ती उचलली आणि नाल्यावर गेले. साडीचा काठ चिखलात, पदर खोचलेला, सरकारी बाई बादलीत चिखल भरतेय. कोतवाल मागून म्हणत होता, मॅडम, द्या मी आणतो. मी दिली नाही. चूक माझी, तर चिखलही मीच आणणार.

बादली घेऊन आले तर मावशी दारात उभ्या. त्यांच्या सगळं लक्षात आलं होतं.

"आज नाही बाई," त्या म्हणाल्या.

"मावशी, एक पट्टा फक्त. फोटो झाला की मी स्वतः पुसून देते, पुन्हा पोतारून देते."

"आज त्या जेवाले बसल्या. त्यायच्या पाठीशी चिखल फासू मी? उद्या जातीन त्या. उद्या मंग घरभर फासा, मी हात लावू लागतो."

"उद्या चालत नाही. आज सहाच्या आत."

"तुमच्या साहेबायले म्हणाव, एक दिवस."

"साहेबांच्या हातात नाही."

"मंग कोणाच्या हातात हाये?"

कोणाच्या हातात होतं, मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. मी म्हटलं, "मग बाहेरून लावू. मागच्या बाजूनं. आत कळणारसुद्धा नाही त्यांना."

मावशी म्हणाल्या, "भिंत तं एकच असते नं माय."

मी काकांकडं वळले, मोठ्यानं ओरडून सांगितलं. काका, भिंतीचे पैसे जातील! काकांना सगळं ऐकू गेलं. ते भिंतीकडं बघत राहिले, मग बायकोकडं. म्हणाले, "तिच्या दोन रात्री गेल्या त्याच्यात." एवढंच. मी बादली खाली ठेवली. मला राग आला, खोटं कशाला बोलू? त्यांचाच राग आला. एवढं कशाला ताणायचं, देवी काय कोपणार होती? आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण माझ्या सासूबाईंनीही हेच केलं असतं, आणि मी त्यांना एका शब्दानं बोलले नसते.

मावशींनी आम्हाला उपाशी जाऊ दिलं नाही. महालक्ष्म्यांचं जेवण नाकारायचं नसतं. साहेब, कोतवाल, मी, ओळीनं पाटावर. सोळा भाज्या एकत्र, आंबील, कढी, पुरणपोळी. पुरात दोन पोती ज्वारी भिजली असताना हे सगळं कुठून आणलं होतं त्यांनी, देव जाणे. साहेब खाली मान घालून दोन पोळ्या जेवले. मी पोळीचा तुकडा नुसता मोडत बसले होते, तर मावशी म्हणतात, "काऊन बाई, तूप कमी झालं का?" पावणेसहाला साहेबांनी ओट्यावर बसून यादी पाठवली. यादीत ते घर नव्हतं.

पुढचं सगळं अर्ज-विनंत्यांचं आहे, ते कशाला सांगत बसू? मी टिपण लिहिलं: सदर घराची पाहणी मी स्वतः दुसऱ्या दिवशी केली असून भिंतीवर पाण्याची खूण होती. वर सही, शिक्का. त्याच शिक्क्यावर लोकांचे सातबारे चालतात, लग्नं जुळतात, कोर्टात दावे उभे राहतात. टिपण परत आलं. शेरा होता: पुरावा जोडावा. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी तहसीलला स्वतः गेले, टेबलाटेबलावरून फिरले. एका जुन्या कारकुनानं मला चहा पाजला आणि म्हणाला, "बाई, कशाला जीव जाळता? पुढच्या वेळी लोकांना सांगून ठेवा, आम्ही येईपर्यंत काही आवरायचं नाही."

आणि मी सांगितलं. दवंडीच दिली. पंचनामा होईपर्यंत कोणीही चिखल काढू नये, सामान हलवू नये, भिंती पोतारू नये. कोतवाल डफडं वाजवत सगळ्या आळ्यांतून फिरला. मावशी ओट्यावर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांच्या, काड्या मोडत बसलेल्या होत्या. ऐकलं त्यांनी. मान हलवली, हाव म्हणाल्या. मला एक वाईट शब्द बोलल्या नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकांनी मागच्या भिंतीला बाभळीचा टेकू लावला. नवरात्रात आकाश पुन्हा भरून आलं. त्याच आठवड्यात आम्हा सगळ्या तलाठ्यांना तालुक्याला बोलावलं होतं, तीन दिवसांचं प्रशिक्षण. आपत्ती आली तर काय करावं. पडद्यावर चित्रं दाखवत होते, समुद्राकाठची, नारळाची झाडं वाकलेली. पहिल्याच दिवशी दुपारी कोतवालाचा फोन आला.

"मॅडम, मावशीची भिंत पडली. पत्र्यासकट मागची खोली बसली. माणसं बाहीर होते, काही झालं नाही."

मी उठून विचारलं, जाऊ का? वरून सांगितलं, हजेरी तीन दिवसांची आहे, ॲप तुमच्याच नावाचं आहे, परवा करा, घर कुठं पळून जातंय? मी परत खाली बसले. हे लिहिताना हात थांबतो, पण मी बसले. दोन दिवस बाहेर पाऊस लागून होता आणि मी वहीत टिपणं घेत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गावात पोचले. मावशी आणि काका चाचीच्या ओट्यावर पोतं अंथरून बसलेले. समोर त्यांचं घर, म्हणजे पुढची खोली उभी आणि मागं मातीचा ढीग. ढिगात अर्धी बुडालेली खाट, भांडी, आणि कापसाचं गाठोडं. पहिल्या वेचणीचा कापूस होता तो. वरचं फडकं फाटलं होतं आणि ओल्या कापसातून सरकीला हिरवे कोंब फुटलेले दिसत होते. पहिल्याच दिवशी ओढून काढला असता, चाचीच्या ओट्यावर पसरला असता, तर वाचला असता. हात लांब केला की मिळेल एवढ्यावर तो होता.

चाची माझ्यावरच भडकल्या. "मैं बोली निकाल ले, मेरा बेटा बोला मैं निकालता हूँ. हाथ नहीं लगाने देती! बोलती है, बाई आएगी."

मी म्हटलं, "मावशी, कापूस तरी काढायचा होता हो."

"तुमी सांगतलं नं," मावशी म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, तेच तर. "ह्या टायमाले काहीच आवरलं नाही बाई. काडीले हात लावला नाही. पाहून घ्या नीट."

ढिगाच्या कडेला चिखलातून एका पत्र्याच्या पेटीचा कोपरा वर आला होता. वर लाल फडक्याचं टोक. मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "मावशी, त्या पेटीत काय आहे?"

"त्याच हायेत," त्या म्हणाल्या. "मुखवटे."

"तीन दिवसांपासून चिखलात?"

त्यांनी मान हलवली. काका दुसरीकडं बघायला लागले. मग मावशींनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "तुमचा फोटो होऊ द्या आधी. मंग काढतो त्यायले."

मी फोन काढला. चार फोटो काढले, चारी बाजूंनी. ॲपनं एकही परत पाठवला नाही.